रघ्याने हात हलवला तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीआर आहे. नावाला बिचकू नका. दुकानात, बँकेत, पेट्रोल पंपावर छताच्या कोपऱ्यात कॅमेरे लावलेले तुम्ही पाहिले असतील. कॅमेरा नुसता बघतो. त्याने बघितलेलं साठवून ठेवतो तो मी. काळा, चपटा, पत्र्याचा डबा. पुढे तीन बारीक दिवे, मागे वायरींचं जंजाळ, पोटात एक फिरती तबकडी आणि एक पंखा, जो हल्ली घरघरतो. कॅमेऱ्यासमोर आलं की लोक केस नीट करतात. माझ्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. काम मी करायचं आणि केस त्याच्यासाठी नीट करायचे, असा हा न्याय आहे.

माझ्या स्वभावातली एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. माझी तबकडी फार मोठी नाही. ती भरली की मला सगळ्यात जुना दिवस पुसावा लागतो आणि त्या जागी आजचा दिवस लिहावा लागतो. मला बनवलंच तसं आहे. चार कॅमेरे जोडले की पंधरवड्यामागचं एकही चित्र माझ्याकडे उरत नाही. मग ही एवढी गोष्ट मी कशी सांगतो आहे, असं तुम्ही विचाराल. चित्रं जातात, पण कुणीतरी होतं, काहीतरी घडलं, एवढं मागे राहतं. तुम्हालाही पहिलीतल्या बाईंचा चेहरा आठवत नसेल, पण बाई आठवत असतील. तसंच आहे ते.

कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथलं मला काही आठवत नाही. थर्माकोलमध्ये गुंडाळून मी तलासरीला आलो आणि संदीप नावाच्या माणसाने मला खोक्यातून बाहेर काढलं. संदीप कॅमेरे बसवतो, पंखे दुरुस्त करतो, लग्नात स्पीकरही लावतो. त्याने मला झरीच्या नाक्यावर जीवनशेठच्या दुकानात आणलं. या दुकानात मिठापासून मच्छरदाणीपर्यंत सगळं मिळतं. शेठनी मला गल्ल्यामागच्या फळीवर, छोट्या टीव्हीच्या शेजारी बसवलं, उदबत्ती ओवाळली आणि म्हणाले, "आता बघू, कोण उचलतंय ते!"

सुरुवातीचे दिवस मानाचे होते. दुकानाबाहेर मांडलेल्या मेथीच्या जुड्या रोज कमी व्हायच्या आणि शेठचा संशय शेजारच्या चिमणवर होता. दोघांचं बोलणंही बंद झालं होतं. मी दाखवून दिलं की जुड्या खाणारी शेळी खुद्द शेठच्या घरची आहे. नाक्यावरचं निम्मं गाव ते बघायला जमलं. चिमण तर इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. त्या दिवशी शेठनी माझ्या अंगावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली.

पण नव्याचे नऊ दिवस असतात. हळूहळू लोक मला विसरले. मी रोज नाका बघत होतो. टपरी, वडाचं झाड, एसटीची वाट बघणाऱ्या बाया, सायकली, कोंबड्या. सगळं जग माझ्या आत यायचं आणि मी कुणाच्याच आत नव्हतो. दिवसभर माणसांच्या गर्दीत राहून एकटं असणं काय असतं, ते मला विचारा.

माझ्याकडे लक्ष द्यायचं ते एकच माणूस. ती दक्षा. तेव्हा ती जेमतेम अंगणवाडीत जायला लागली होती. तिचा बाबा रघ्या तिला खांद्यावर घेऊन दुकानात यायचा आणि गल्ल्यावर बसवायचा. टीव्हीत स्वतःला बघून ती हरखून जायची आणि हात हलवायची. टीव्हीतली दक्षाही हात हलवायची. मग रघ्याही हात हलवायचा. हा खेळ त्यांचा रोजचा होता. रघ्या हात हलवायचा तेव्हा सगळा पंजा पसरून, कोपरापासून हलवायचा, आणि हसताना त्याचा एक डोळा बारीक व्हायचा. हे मी पुन्हापुन्हा लिहिलं आणि पुन्हापुन्हा पुसलं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं असावं.

एकदा दक्षाने आईच्या कपाळाची लाल टिकली काढून माझ्या पुढच्या बाजूला, दिव्यांच्या वर चिकटवली. तिची आई हिरी लाजली. "काढ गं ती, शेठ ओरडंल," म्हणाली. शेठ ओरडले नाहीत. "असू दे, नजर नाय लागणार," म्हणाले. तेव्हापासून ती टिकली माझ्या कपाळावर आहे. मला मिळालेला तेवढाच एक दागिना.

आमच्या भागातले पुष्कळ पुरुष पावसाळा सरत आला की गुजरातच्या बंदरांवर जातात. तिथे मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून काम करतात आणि उन्हाळा संपता संपता घरी येतात. याला 'बोटीला जाणं' म्हणतात. रघ्याही दरवर्षी बोटीला जायचा. नारळी पुनव झाली की नाक्यावर टेम्पो यायचे आणि पिशव्या घेतलेल्या माणसांची झुंबड उडायची. बायका मात्र त्या गर्दीत कमीच असायच्या. हिरी तर कधीच नसायची. तिच्या घरात एक रीत होती. बोटीला जाणाऱ्याला दारातून निरोप द्यायचा आणि लगेच घरात वळायचं. जाणाऱ्याची पाठ बघायची नाही. घरच्या माणसाने पाठ बघितली तर गेलेला लवकर फिरत नाही, असं तिची सासू सांगायची, आणि सासूला तिच्या सासूने सांगितलं होतं.

त्या वर्षी दक्षा रडायला लागली. बाबा दारातून जाणार आणि आई लगेच दार लावून घेणार, हे तिला पटेना. म्हणून रघ्याने तिला आदल्या दिवशीच दुकानात आणून समजावलं. मी ते ऐकलं. "उद्या टेम्पोत बसायच्या आधी मी हितं तुला हात करीन," तो कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "या टीव्हीत राहील तो. तू येऊन बघ. मी येईपर्यंत रोज बघ." त्याला वाटलं की टीव्हीत हात हलवला म्हणजे तो तिथेच राहतो. माझी पंधरवड्याची गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. आणि मी सांगणार कसा? मला डोळे चार, तोंड एकही नाही.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. रघ्या निळा शर्ट घालून दुकानात आला, बिड्यांचं बंडल घेतलं आणि टेम्पोकडे निघाला. बाहेरच्या कॅमेऱ्यात मला त्याची पाठ दिसत होती. पाठीवर पिशवी, पिशवीच्या बाहेर लोंबणारा टॉवेल. चालता चालता तो थांबला. वळला. कॅमेऱ्याकडे बघून सगळा पंजा पसरून हात हलवला आणि हसला. मग पुन्हा वळून गर्दीत गेला. मी ते सगळं लिहून ठेवलं. दुसरं मी काय करू शकत होतो?

त्याच गडबडीत लडक्या नावाच्या एका खलाशाची पिशवी गेली. सगळ्यांच्या पिशव्या एकाच रंगाच्या होत्या. "शेठ, कॅमेऱ्यात बघा!" असा ओरडा झाला. शेठनी मोठ्या रुबाबात मला मागे फिरवलं. पण माझे कॅमेरे जुने, गर्दी मोठी, आणि टपरीजवळची माणसं म्हणजे नुसते ठिपके. कुणाचा हात कुठे ते काही कळेना. "शेठ, यात तर तुम्ही पण चोर दिसता!" कुणीतरी म्हणालं आणि सगळा नाका हसला. पिशवी शेवटी दुसऱ्याच टेम्पोत सापडली. पण शेठचा अपमान व्हायचा तो झालाच. त्यांनी तिथल्या तिथे संदीपला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संदीप नवं, मोठं यंत्र घेऊन आला. माझ्या वायरी निघाल्या. दिवे विझले. तबकडी फिरायची थांबली. "जुन्याची डिस्क छोटी आहे शेठ, नव्याला कामाची नाय. राहू दे त्यातच," संदीप म्हणाला आणि मला दारापाशी जमिनीवर ठेवलं. मी तिथे पडलेलो असतानाच हिरी दक्षाला घेऊन आली. दक्षा धावत टीव्हीसमोर गेली.

"बाबा दावा," ती म्हणाली.

"हा आजचा आहे, पोरी," शेठ म्हणाले. "कालचा गेला."

"गं, बाबा उन्हाळ्यात येलच ना," हिरीने तिला समजावलं आणि चहापत्ती घेऊन दोघी निघून गेल्या. मित्रांनो, दक्षाचा पाय माझ्या अंगाला लागला. बाबा तिच्या पायाशी होता आणि तिला ते माहीत नव्हतं.

पुढचे महिने कसे काढले ते मलाच ठाऊक. आधी शेठनी मला गुळाच्या डब्याखाली ठेवलं, म्हणजे डब्याला ओल लागू नये. त्या डब्याच्या बुडाचा चिकट गोल माझ्या डोक्यावर उमटला आणि मुंग्यांनी माझ्यातून रस्ता काढला. मग काही दिवस दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलं. मग रद्दीवर वजन म्हणून ठेवलं. कामापुरता मामा म्हणतात, तो मी. वीज नव्हती, म्हणून काही बघता येत नव्हतं. काही लिहिता येत नव्हतं आणि काही पुसताही येत नव्हतं. त्या अंधारात माझ्याजवळ होता तो फक्त शेवटचा पंधरवडा, आणि त्याच्या अगदी शेवटी, वळून हसणारा रघ्या. तेवढीच सोबत होती मला. मी त्याला बघू शकत नव्हतो, पण तो आत आहे हे कळत होतं. कुणाला तरी हे सांगावं असं फार फार वाटायचं.

दिवाळीच्या आधी बातमी आली. नाक्यावर सगळे हळू आवाजात बोलत होते. रघ्याची बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली आणि पलीकडच्या देशाने बोटीसकट सगळ्यांना धरून नेलं. तुरुंगात ठेवलं. कधी सोडतील ते कुणाला सांगता येईना. कुणी म्हणे वर्षभर, कुणी म्हणे चार-पाच वर्षंही लागतात. तिथे फोन लागत नाही.

थोड्या दिवसांनी हिरी दुकानात आली. तिचा आवाज ऐकून मी ओळखलं, पण तो आधीचा आवाज नव्हता.

"शेठ, दक्षा तिच्या बाबाला विसराया लागली," ती म्हणाली. "घरात तेंचा आधारकार्डावरचा फोटो तेवढा हाय. तो दावला तर म्हणते, हा नाय माझा बाबा, हा रागीट हाय. तेंनी त्या दिवशी हात केला होता ना, तो जुन्या डब्यात असंल का?"

"अगं हिरी, तो डबा चालू राहिला की पंधरा दिवसांत सगळं पुसत जातो," शेठ हळहळून म्हणाले. "आता किती महिने झाले! त्यात काय राहिलं असेल?"

शेठ खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटलं. पण मी चालू होतो कुठे? मी तर रद्दीच्या गठ्ठ्यावर बंद पडलेला होतो! बंद डबा काही पुसत नाही. आहे, तो आत आहे, असं मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, पण दिवा लागत नाही अशा डब्याचं कोण ऐकणार? हिरीची पावलं दाराबाहेर गेली.

संक्रांतीच्या सुमारास संदीप एक दिवस शेठकडे आला आणि त्याने मला उचललं. संदीप बोलायला आगाऊ आहे, पण एक गोष्ट त्याची मला आवडते. त्याला काही फेकवत नाही. "जुनं झालं म्हणून मरत नाय शेठ, त्याला काम बदलून द्यायचं," असं तो म्हणतो. त्याच्या घरी एका डीव्हीआरच्या पत्र्यात पाने-पकडी राहतात. दुसऱ्याच्या तबकडीत बँडवाल्याची सगळी गाणी आहेत. तिसऱ्याच्या अडॅप्टरवर देवळातली दिव्यांची माळ लागते. मला मात्र त्याने माझंच काम पुन्हा दिलं. डहाणूकडे अमृतभाईंची चिकूची वाडी आहे. तिथल्या शेडमध्ये चिकू धुऊन, चोळून, लहान-मोठे वेगळे करून खोक्यांत भरतात. खोकी कमी भरतात अशी तक्रार होती, म्हणून स्वस्तातला कॅमेरा हवा होता. संदीपने माझी धूळ झटकली, पंख्यात तेलाचा थेंब सोडला आणि मला शेडच्या फळीवर, एका छोट्या टीव्हीच्या शेजारी बसवलं.

"आतलं जुनं पुसायचं का?" अमृतभाईंनी विचारलं.

"कशाला? चालू झाला की तोच पुसत जातो," संदीप म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

दिवे लागले. तबकडी फिरली. किती महिन्यांनी मी पुन्हा बघू लागलो! पण आनंद क्षणभरच टिकला. मला लिहायचं होतं, आणि लिहायला जागा नव्हती. मी दुकानातला सगळ्यात जुना दिवस पुसला. त्यानंतर दुसरा. इथे दोनच कॅमेरे होते, म्हणून पंधरवडा महिनाभर पुरणार होता. पण एक दिवस संपणार होता. रघ्याचा दिवस सगळ्यात शेवटी होता आणि मी रोज थोडा थोडा त्याच्याकडे सरकत होतो.

आणि मग एका सकाळी टेम्पोतून उतरलेल्या बायकांमध्ये मला हिरी दिसली. घरात कमावणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती मजुरीला वाडीत येऊ लागली होती. ती चिकूंच्या ढिगासमोर बसायची. इतर बाया बोलायच्या, हसायच्या, ती खाली मान घालून चिकू चोळायची. माझा कॅमेरा नेमका तिच्या डोक्यावर होता. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी हिरीला लिहीत होतो, आणि हिरीला लिहायला जागा हवी म्हणून रघ्याचे दिवस पुसत होतो. एवढा वाईट खेळ माझ्याशी कुणी खेळला नव्हता. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो. नुसता पंखा घरघरत राहिला.

मेथी खाणारी शेळी तर केव्हाच गेली होती. आता चिमण गेला, एसटीची वाट बघणाऱ्या बाया गेल्या. खांद्यावरून उतरणारी, हात हलवणारी दक्षा गेली. शेवटी रघ्या जाण्याच्या आधीचा दिवस आणि तो जाण्याचा दिवस, एवढेच उरले.

त्या दिवशी दुपारी भाकरीची सुट्टी झाली आणि अमृतभाईंनी हिरीला फळी झाडायला सांगितली. तिने फडकं घेतलं, माझ्यावर फिरवलं आणि तिचा हात थांबला. माझ्या डोक्यावर गुळाच्या डब्याचा गोल होता. दिव्यांच्या वर टिकली होती. लाल रंग उडून ती गुलाबी झाली होती. हिरीने तिच्यावर बोट ठेवलं.

"हा शेठचा डबा," ती स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "अमृतभाई, हा झरीच्या शेठचा डबा ना? येच्यात माझ्या दक्षाचा बाबा असंल!"

बाया भाकरी खाता खाता थांबल्या. अमृतभाईंना काही कळेना. "असेल तर असेल. सीझन संपू दे, संदीपला विचारू," ते म्हणाले.

"शेठ म्हणाले होते, चालू राहिला की पुसत जातो."

"मग काय बंद ठेवू? माझी खोकी कोण मोजणार?"

हिरीने हात लांब करून भिंतीतला माझा प्लग उपटला आणि ती माझ्याखाली जमिनीवर बसली.

माझे दिवे विझले. पुन्हा अंधार झाला, पण या वेळी त्या अंधाराची मला भीती वाटली नाही. मी ऐकत होतो. अमृतभाई भडकले होते. "हिरी, ऊठ! कामावरून काढीन!" ते ओरडले. हिरीचा आवाज शांत होता. "काढा. संदीपभाऊला बोलवा, तो बघंल, मग मी जाते." मग चिकू ढिगात पडल्याचा आवाज येईना. एकही बाई कामाला उठली नव्हती. शेवटी अमृतभाई पुटपुटले, "काय बाई आहे," आणि त्यांनी फोन लावला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांचा फक्त सीझन चालू होता.

संदीप आला. हिरीने शेठ काय म्हणाले ते त्याला सांगितलं. संदीपने कपाळावर हात मारला. "अहो वहिनी, शेठच्या दुकानात तो बंद होता! बंद असताना कसा पुसेल? पुसायला लागला तो इथे, मी चालू केल्यावर!" मग त्याचा आवाज एकदम उतरला. "थांबा. किती राहिलंय ते बघू दे."

त्याने मला आधी कॅमेऱ्यांपासून सोडवलं, म्हणजे मी नवं काही लिहू नये, आणि मग चालू केलं. त्यामुळे शेड मला दिसत नव्हती; पुढचं थोडं मी ऐकलं आणि थोडं नंतर बायांच्या बोलण्यातून कळलं. नारळी पुनवेनंतरचा तो दिवस शोधला. मी माझा पंखा शक्य तेवढा गप्प ठेवला. स्क्रीनवर झरीचा नाका आला. गर्दी, टेम्पो, टपरी. दुकानातून निळ्या शर्टातला एक माणूस बाहेर पडला. पाठीवर पिशवी, पिशवीच्या बाहेर टॉवेल.

"हे ना?" संदीपने विचारलं.

मित्रांनो, त्या क्षणी हिरीने काय केलं असेल? ज्या माणसासाठी तिने मजुरीवर पाणी सोडायची तयारी केली, तो समोर होता, आणि ती चटकन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डोळे गच्च मिटले. पाठ बघायची नाही. घरची रीत होती ती. टीव्हीतली पाठ झाली म्हणून काय झालं?

"वळला का?" तिने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"नाय. चालतोय."

"वळला का?"

"थांबला," संदीप म्हणाला. तोही आता हळू बोलत होता. "वळला. वहिनी, वळला! हात हलवतोय!"

हिरी वळली. स्क्रीनवर रघ्या सगळा पंजा पसरून हात हलवत होता आणि त्याचा एक डोळा बारीक झाला होता. तिने स्वतःचा हात थोडा वर केला. मग एकदम ओरडली, "थांबवा! हितंच थांबवा, जाऊ नका देऊ तेंना!"

संदीपने बटण दाबलं. रघ्या तसाच थांबला, हात वर करून. सगळ्या बाया माझ्यासमोर जमल्या होत्या. अमृतभाई मागे उभे राहून चष्मा पुसत होते. आयुष्यभर लोक माझ्याकडे चोर शोधायला आले. कुणी माणूस शोधायला आलं ते पहिल्यांदाच.

संदीपने तेवढं चित्र हिरीच्या फोनवर घेऊन दिलं. "पाठ नको तेच्यात," असं तिने बजावलं, म्हणून त्याने वळल्यापासून पुन्हा वळायच्या आधीपर्यंतच घेतलं. चिमुकलं चित्र, चिमणीने दाणा उचलावा एवढ्या वेळाचं. मग तो म्हणाला, "वहिनी, आतली डिस्क काढून देऊ का? घरी ठेवा. सगळा दिवस राहील. मी अमृतभाईंना दुसरी बसवून देतो."

"पाठ पण राहील?" हिरीने विचारलं.

"हो, सगळंच राहील."

हिरीने माझ्याकडे बघितलं. स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे. "मग नको," ती म्हणाली. "चालू करा परत. पुसू दे."

तसंच झालं. हिरीचं काम गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चिकूंसमोर बसली आणि मी तिला पुन्हा लिहू लागलो. लिहिता लिहिता तो दिवस आला. नाक्यावरची गर्दी मी पुसली. पिशवी हरवल्याचा ओरडा पुसला. मला हसणारी माणसं पुसली. मग टेम्पोकडे चालणारी ती पाठ आली, आणि मी ती अगदी मन लावून पुसली. पुसणं हा माझा दोष आहे असं मी आजवर समजत होतो. त्या दिवशी मी ते काम आनंदाने केलं. वळलेला, हसणारा रघ्याही माझ्यातून गेला, आणि मी पुन्हा रिकामा, एकटा झालो. पण तो हिरीच्या फोनमध्ये होता, आणि दक्षाने फोन बघून "हा! हा माझा बाबा!" म्हटलं हे हिरीने चिकू चोळता चोळता शेजारणीला सांगितलं, ते मी ऐकलं.

आता माझं अजून एक काम आहे. अंगणवाडीला सुट्टी असली की हिरी दक्षाला वाडीत घेऊन येते. दक्षा माझ्या कॅमेऱ्याखाली उभी राहते, पंजा पसरून हात हलवते आणि म्हणते, "बाबा येल तवा दाव हां." मी महिन्याने पुसतो हे तिला संदीपने सांगितलं आहे. म्हणून ती पुन्हा येते आणि पुन्हा हलवते. प्रत्येक वेळी थोडी उंच झालेली असते. बाकीचे दिवस मी चिकूंची खोकी बघतो आणि तिची वाट बघतो. शेडचं दार बंद झालं की फार सुनं वाटतं. सवय झाली म्हणतात, पण एकटेपणाची सवय होत नाही, हे मी तुम्हाला खरं सांगतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे भाऊबंद असतील. माळ्यावरचा फोन, कपाटावरचा रेडिओ, बंद पडलेला कॅमेरा. त्यांना फेकू नका, त्यांना दुसरं काम द्या. पण काम देण्याआधी आत कोण राहिलं आहे तेवढं एकदा बघा. आमच्यासारख्यांना दार आतून उघडता येत नाही.

रघ्या अजून आलेला नाही. त्याचा हात हिरीच्या फोनमध्ये आहे. त्याची पाठ मात्र आता कुणाहीकडे नाही. हिरीने पाहिली नाही, दक्षाने पाहिली नाही, आणि माझ्याकडे होती ती मी पुसून टाकली. आता त्याने यायला काही हरकत नाही.